डाव्या बुटातला खडा

(मनोरंजन उद्यानातली कपडे बदलायची खोली. मावशीने गळ्यापर्यंत अस्वलाचा पोशाख चढवलाय. अस्वलाचं डोकं बाकावर आहे.)

मावशी : खडा कुठाय माझा? डाव्या बुटात होता.

भाची : माझ्याकडे आहे, मावशी. नमुना म्हणून घेतला. विद्यापीठात दाखवायला.

मावशी : नमुना म्हणे! अगं, इथली माणसं कशी वागतात ते बघायला आलीस ना? मग बघ की. उचलतेस कशाला?

भाची : चुकलंच माझं. पण आता तो लागणार नाही. साहेबांनी सांगितलंय, आजपासून मिरवणुकीत अस्वलाने सरळ चालायचं.

मावशी : का? अस्वल काय कवायतीला निघालंय?

भाची : माझ्यामुळे झालं गं. मी अहवालात लिहिलं, अस्वलाचं लंगडणं कोणी ठरवून आणलेलं नाही. पहिल्यांदा जो माणूस अस्वल झाला त्याचा गुडघा अधू होता. साहेबांनी तेवढंच वाचलं.

मावशी : माणूस? काका म्हणायला जीभ जड झाली का?

भाची : अहवालात काका कसं लिहू? पण पुढे लिहिलंय मी. पोरं अस्वलामागून फाटकापर्यंत लंगडत जातात, त्यांचे आईबापही जातात. रीतच पडलीय इथली.

मावशी : ते राहू दे. तुझे काका गेले तेव्हा घरात फोटो होते, कपडे होते. त्यांचं चालणं कुठून आणणार होते मी? त्यांच्या जागी कामाला लागले, पहिल्याच दिवशी बुटात खडा गेला, आणि पाय आपसूक त्यांच्यासारखा पडला. रडले मी त्या डोक्याच्या आत. ते चालणं मी सोडायची नाही. कोणीही सांगू दे... या साहेब. दार वाजवायची पद्धत आहे हो इथे.

साहेब : मिरवणूक निघतेय, मावशी. लक्षात आहे ना? सरळ चालायचं. लंगडं अस्वल बघून पाहुण्यांना वाटतं, आमचे पोशाखच धड नाहीत.

मावशी : कोणत्या पाहुण्याला वाटतं? आणा त्याला समोर.

साहेब : वाद नको. लंगडलात तर उद्यापासून अस्वल दुसरं कोणीतरी.

मावशी : खुशाल. पण आज मी आहे आणि आज मी लंगडणार. उद्या जो कोणी येईल, त्याच्या बुटात स्वतः खडा घालून देणार.

साहेब : ताई, तुम्ही तरी समजवा. तुम्हीच लिहिलंय, त्याला काही अर्थ नाही.

भाची : तसं नाही लिहिलं मी. योगायोगाने सुरू झालं, एवढंच लिहिलं. बऱ्याच रीती तशाच सुरू होतात. आणि रागावू नका साहेब, पण वर्धापनदिनाला अस्वलामागून तुम्ही स्टेजवर कसे चढलात?

साहेब : ते... गंमत म्हणून. मुलगी होती सोबत. तिने हात धरून ओढलं.

भाची : कोणत्या पायाने लंगडलात?

साहेब : डाव्या.

भाची : कोणी सांगितलं होतं?

साहेब : कोणी नाही.

मावशी : आमच्या ह्यांना तुम्ही पाहिलंसुद्धा नाहीत, साहेब. तरी त्यांच्यासारखे चाललात.

साहेब : ...बरं. आजच्यापुरतं. उद्या बोलू आपण.

मावशी : उद्या बोला, परवा बोला. मी लंगडतच येईन.

भाची : गेले. मावशी, पाय पुढे कर. मीच घालते खडा.

मावशी : टाचेखाली नको. अंगठ्याच्या मागे. हां, तिथे.

भाची : दुखतंय?

मावशी : दुखतंय. चल, डोकं चढव.