चुलीमागची काजळी

घर पांढरंफेक दिसलं की पाव्हणे खूश होतात म्हणता? माझं लगीन तर पांढऱ्या भिंतीपायीच मोडून राहिलं होतं.

निजामाचं राज्य होतं तवाची गोष्ट. आमच्या कुरुंद्याच्या घरी बाळापूरचे पाव्हणे मला बघायला येणार होते. चुलीमागच्या भिंतीवर तेलकट काजळीचा हा एवढा थर. बापानं आधी त्यावर चुना फासला, तर सकाळी चुन्यातून काळं पुन्हा वर आलं. आई म्हणली, "आता घासा." मग बाप राख, रिठे न् गरम पाणी घेऊन बसला. भिंत निघाली चकचकीत, अन् तेवढ्यात पाव्हणे दारात! आईनं बापाला तसंच कोठीत कोंबलं न् सांगितलं, "मालक रानात गेलेत."

नवऱ्या मुलाची आजी पाणीही न पिता सरळ चुलीकडं गेली. भिंतीवर बोट फिरवलं, नाकाला लावलं.

"ह्या घरात कधी तळण झालेलं दिसत न्हाई. उपाशी घरची पोरगी आमाला नको. उठा रे!"

आई काहून गप बसंल? कोठीतून बापाला ओढून तिनं आजीसमोर उभं केलं. डोळे सोडून सगळा बाप काळा.

"भिंतीवर काय बघता? वीस वर्साचं तळण हे इथं उभं हाय!"

बाप लाजून अर्धा झाला. आजीनं त्याच्या गालावरून बोट फिरवलं, नाकाला लावलं, अन् मागं वळून म्हणली,

"करडीचं तेल हाय. बसा रे खाली."