पंच्याहत्तरीचा ठराव

— नाही हो, झोपलेला नाहीये तो, डोळे मिटून ऐकतोय असं दाखवतोय. तो बघा, कॉफीवाल्याच्या डोक्यावरच्या टीव्हीत. अमेरिकेची सेनेट. कुणाला तरी मोठ्या हुद्द्यावर नेमायचंय, त्याची झाडाझडती चाललीय, आणि झडती घेणारे कोण, तर हे — ऐंशीच्या पुढचे! मागे बसलेल्या पोरीनं प्रश्न लिहून दिलेला असतो, तो वाचायचा, आणि उत्तर येईस्तोवर आपण काय विचारलं तेच विसरायचं. आणि पुढच्या इलेक्शनला परत उभे! खुर्ची सुटत नाही हो. बसा ना, सरकतो मी. उमा, म्हणजे आमची ही, ग्रोसरीत गेलीय, कोथिंबिरीची एकेक जुडी उलटीपालटी करून बघितल्याशिवाय यायची नाही. तुम्ही मराठी आहात हे मी लगेच ओळखलं, मघाशी फोनवर बोलत होतात ना — काय? आज फोन नाही आला? मग चेहऱ्यावरून ओळखलं असेल. मुलीकडे आलायत ना? वाटलंच. कोक्विटलामच्या या मॉलमध्ये सकाळी सकाळी बाकावर बसलेला मराठी माणूस एक तर लेकीकडे आलेला असतो, नाही तर माझ्यासारखा रिटायर्ड.

आपला कॅनडा याबाबतीत शहाणा बघा. ओटावातले सेनेटर कुणी निवडून देत नाही, नेमलेलेच असतात, पण पंच्याहत्तरी झाली की घरी! रडारड नाही, काही नाही. आणि तिकडे? एक म्हातारा माइकसमोर बोलता बोलता थांबला. थांबला तो थांबलाच. नजर कुठे तरी लांब. शेवटी बाजूचा माणूस आला, कोपराला धरलं, कानात काही तरी पुटपुटला आणि हळूच बाजूला घेऊन गेला. सगळ्या जगानं बघितलं! मी उमाला म्हटलं, याला घरचं कुणी नाही का? कुणी सांगत कसं नाही, बाबा, पुरे आता? उमा टीव्ही बंद करून आत गेली.

हेच सगळं मी आमच्या मंडळात बोललो. इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष मी, होतो म्हणजे — दरवर्षी बिनविरोध. बिनविरोधच असतं हो आपल्याकडे, उभं कोण राहणार? हॉल कोण बुक करणार, पाटपाण्याचं कोण बघणार, गणपतीचं मखर कुणाच्या बेसमेंटमध्ये ठेवायचं? माझ्या! तर सेक्रेटरी म्हणाला, काका, अमेरिकेच्या निवडणुकीवर परिसंवाद ठेवू या, प्रमुख वक्ते तुम्हीच. मी काय बोललो माहितीये? टेबलावर मूठ आपटून म्हटलं, पंच्याहत्तरीनंतर खुर्चीत बसणं ही चोरी आहे! तरुणांची चोरी! टाळ्या थांबेनात. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता तो आमचा — हां, निहार, बरोबर. नाव तुम्हाला कसं ठाऊक? मी म्हणालो असेन मघाशी.

या निहारला मी एअरपोर्टवरून आणला. कुणाचा कोण, नागपूरच्या एका ओळखीच्याचा भाचा. आमच्या बेसमेंटमध्ये ठेवला, नोकरी लागेपर्यंत भाड्याचं नाव काढलं नाही. विंटर टायर्स कुठले घ्यायचे, स्नो पाठ न मोडता शोव्हल कसा करायचा, सगळं मी शिकवलं. उमाच्या हातचं वरण जेवला दोन्ही वेळ. आणि सेक्रेटरी कुणी केला? मीच नेमला! कमिटीत दोघं कुरकुरले, इलेक्शन घ्या म्हणाले, मी म्हटलं, इलेक्शन कसलं घेताय, माणूस माझा आहे. माझा माणूस!

मग एजीएम आली, मंडळाची वार्षिक सभा. हा उभा राहिला, हातात कागद, चेहरा असा की देवळात आलाय. म्हणाला, काकांच्याच विचारांना मान देऊन बायलॉजमध्ये दुरुस्ती सुचवतो, पंच्याहत्तरीनंतर कुणीही पदाधिकारी राहू नये. काकांच्याच विचारांना! मी सत्त्याहत्तरचा, समोर बसलेला, हारतुऱ्यांचं टेबल सांभाळत. सांगा, काय करणार? विरोध केला तर आपलीच थुंकी आपण गिळायची. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. म्हणाला, अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत. हात वर झाले. ज्यांच्या मुलांच्या मुंजी मी लावून दिल्या, ज्यांच्या आईबापांना सोडायला मी एअरपोर्टला गेलो, ते सगळे हात. मी बघत होतो, म्हटलं चला, दिसू दे एकेक. आणि दुसऱ्या रांगेत, खिडकीशी — सोन्याच्या पाटल्या. चाळीस वर्षं त्या पाटल्या बघतोय मी, त्या ओळखायला चष्मा लागत नाही.

उमाचा हात. चांगला सरळ, वर. अर्धवटसुद्धा नाही हो! लाजून, कोपरातून वाकवून तरी धरायचा!

थांबा, पुढे ऐका. ठराव पास झाला आणि निहारनं लगेच शाल काढली. शाल-श्रीफळ, सत्कार. मी म्हटलं, ठराव आत्ता झाला, मग शाल कुठून आली? अंगावर पडल्यावर कळलं. मोरपंखी, बारीक जरीची किनार. ही शाल उमानं पुण्याला लक्ष्मी रोडवर घेतली होती, हिवाळ्यात आम्ही गेलो तेव्हा! पिशवी माझ्याच हातात होती. मी विचारलं, कुणासाठी गं? म्हणाली, असू दे, कुणाला तरी लागेल. हिवाळ्यापासून चाललेलं होतं, साहेब. परिसंवाद-बिरिसंवाद सगळं नाटक. मला स्टेजवर चढवलं, माझ्याच तोंडून वदवून घेतलं, आणि मी मूर्ख, टाळ्या मोजत बसलो.

गाडीत विचारलं तिला. गाडी तीच चालवते हल्ली. म्हणजे मला येते, लायसन्स आहे माझ्याकडे, पण पार्किंगची कटकट नको म्हणून किल्ल्या मीच देऊन टाकल्या. तर विचारलं, निहारनं फितवलं ना तुला? सिग्नल लाल होता. म्हणाली, त्यानं नाही, मीच सांगितलं त्याला. तो नाही नाही म्हणत होता, रडला फोनवर. मी म्हटलं, का? तर म्हणे, अहो, लोक हसायला लागले होते. तुमच्याकडे बघून कुणी हसलेलं मला नाही सोसत. मानानं उतरावं तुम्ही, म्हणून.

कसलं हसणं! गणपतीतलं मनात धरून बसलीय ती. झालं काय, गणपतीत मी प्रास्ताविक करत होतो आणि बोलता बोलता जरा थांबलो. पॉज घेतला! भाषणात पॉज घ्यावा लागतो, मी कॉलेजात वक्तृत्वाचा कप मिळवलेला माणूस आहे. आता थोडा लांबला असेल. उमाचं म्हणणं, पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग ती स्वतःच स्टेजवर आली, माझं कोपर धरलं, कानात म्हणाली, चला, आरती घेऊ या. आणि घेतली आरती. एवढंच. यात हसण्यासारखं काय आहे? आणि हसले तर हसू देत! हसू माझं होतं ना, मी बघून घेतलं असतं. परक्यानं धक्का दिला तर माणूस भांडतो तरी. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला सांगायचं? म्हणून तर तुम्हाला सांगतोय. इथं आजवर कुणाजवळ बोललो नाही, आज पहिल्यांदा तोंड उघडलं. तुम्ही परके, चार महिन्यांनी परत जाणार, तुमच्याजवळ राहील.

तुम्ही असे काय बघताय? इतका वेळ एकदाही आश्चर्य नाही वाटलं तुम्हाला. शालीचं ऐकून तरी माणूस 'अरे बाप रे' म्हणतो. नाही, बोला ना. बोला, मी वाईट वाटून घेणार नाही.

मंगळवारी?

याच बाकावर?

आणि शालीचंसुद्धा... मोरपंखी, तेही सांगितलं होतं?

हां. असेल. असेल हो. मॉलमध्ये इतकी माणसं भेटतात, लक्षात नाही राहत.

ती बघा, आली. त्या काचेच्या दाराशी, दोन्ही पिशव्या एका हातात घेतल्यात. मी दिसत नाहीये तिला, शोधतेय. दिसलो. हात वर केला बघा, कसा सरळ वर. मला बोलावतेय.

येतो गं!

तुम्ही जा आता. तिकडून जा, एस्केलेटरकडून. आणि हे बघा — कधी भेटलात तिला, तर मंगळवारचं सांगू नका.