सात आठे म्हटल्यावर गप्प बसायचं

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या गावच्या सरपंच आदरणीय समताताई, व्यासपीठावरचे केंद्रप्रमुख शेखर सर, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आमचे भगवंतराव गुरुजी, त्यांच्या शेजारी पदर सावरत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती गीताकाकू, मांडवातले समस्त ग्रामस्थ, माताभगिनी आणि माझ्या विद्यार्थ्यांनो,

मी रुपाली, चौथीची शिक्षिका. गुरुजींचा वर्ग माझ्या वर्गाला लागून. मला एका जागी उभं राहता येत नाही हे आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा माइकची वायर कुणीतरी सांभाळा. आज तर जीव जास्तच खालीवर होतोय. का, ते ओघात येईलच. शेखर सर घड्याळ बघतायत. बघा सर, खुशाल बघा.

आधी एक प्रश्न. सात आठे?

ऐकलंत? सगळा मांडव बोलला. मागे पानठेल्याशी उभे आहेत तेसुद्धा बोलले. मी उत्तर मागितलं होतं का? नुसतं अर्धं वाक्य म्हटलं, आणि उरलेलं आपल्या तोंडून निघून गेलं. तोंड दाबून धरलं असतं तरी डोक्यात ते वाजलंच असतं. ही सवय आपल्याला लावली कुणी? या गृहस्थांनी. शाळा सुटायच्या आधी रोज पाढे. गुरुजी अर्धं म्हणणार, पोरं पुरं करणार, मध्ये श्वासाची फट नाही. राहिली तर लगेच, "काऊन बे, झोपला का?" इथे बसलेल्या बापांनीही ते ऐकलंय आणि त्यांच्या लेकरांनीही.

दिवाळीच्या सुट्टीत गुरुजींना लकव्याचा झटका आला. हातपाय सावरले, बोलणं अडखळत परत आलं. जालन्याच्या डॉक्टरांकडे मी सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, विसातून सहा गेले किती उरले? वेळ लागला, पण उत्तर बरोबर. सत्तावीस मोठे की पस्तीस? बरोबर. मग सात आठे विचारलं, तर गुरुजी नुसते भिंतीकडे पाहत राहिले. गीताकाकूंच्या डोळ्याला धार लागली. "पाढ्याचा मास्तर, अन् पाढाच गेला काय हो डॉक्टर?"

डॉक्टर भला माणूस. त्यांनी समजावलं की पाढे आपण आकडे म्हणून ठेवतच नाही, बोल म्हणून ठेवतो. आरती ठेवतो तसे. डोक्याच्या डाव्या अंगाला, बोलण्याच्या शेजारी त्यांची जागा. गुरुजींना मार नेमका तिथेच बसला. किती म्हणजे किती, कमी काय, जास्त काय, ही समज वेगळीकडे असते आणि ती शाबूत आहे. म्हणूनच आपण चुकलो तरी पाढ्यातलाच शेजारपाजारचा बोल तोंडात येतो. घाईत सात आठे चोपन्न म्हणेल कुणी, पण सात आठे अकरा कुणी म्हणत नाही.

हे सगळं मला समजलं. पण समजून काय उपयोग? जानेवारीत गुरुजी शाळेत आले. हौसेनं पाढ्यांना उभे राहिले. "सात..." म्हणाले आणि अडले. अन् पोरांनी काय केलं? जे गुरुजींनीच शिकवलं तेच. उरलेला अख्खा पाढा एका सुरात म्हणून टाकला, वर टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं आपण सरांना मदत केली. गुरुजींनी खडू ठेवला आणि त्याच आठवड्यात स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. आम्ही तीन शिक्षक समजूत घालायला त्यांच्या घरी गेलो तर तिथेही तेच. ते एक शब्द उच्चारायचे, आम्ही तिघं मिळून वाक्य संपवायचो. प्रेमापोटीच हो. पण त्या प्रेमानं माणूस मुका केला. मला त्याचा राग येतो.

मग काकूंच्या मळ्यात टमाट्याची लागवड निघाली. काकूंनी मला सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगते. "म्याडम, सात ओळी, ओळीत आठ रोपं. हे मोजून राह्यले होते. मले वाटलं अडले, मी मागून म्हनलं, छप्पन्न! तं खुरपं फेकलं अन् मले म्हने, गप! झटका आल्यापासून येवढा साफ शब्द पह्यलाच निंघाला तोंडातून." काकू गप्प राहिल्या. गुरुजींनी मनात प्रत्येक ओळ दहाची केली, सत्तर झाले. ओळीमागे दोन जास्तीचे धरले होते, ते चौदा काढले. छप्पन्न. "तोवर चाय दोनदा उकळला," काकू म्हणतात.

पुढे गुरुजी कपाटाची किल्ली द्यायला शाळेत आले, तेव्हा मी त्यांना माझ्या वर्गात नेलं आणि पोरांना सांगितलं, आज जो मध्ये बोलेल तो बाहेर. गुरुजींनी फळ्यावर ठिपके काढले, दहादहाच्या सात ओळी, आणि दरेक ओळीतले दोन बोटानं पुसले. डिंपल उठली. "सर, पुसले ते चौदा काऊन?" आणि गुरुजींनी तिला सांगितलं. हळूहळू सांगितलं, पण सगळं सांगितलं. माझ्या चौथीला पाढे घडाघडा येतात, पण असला प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

म्हणून माझा जीव थाऱ्यावर नाही. शाल-श्रीफळ देऊन आपण या माणसाला घरी बसवतोय आणि ते स्वतःला निकामी समजून चाललेत. समताताई, शेखर सर, आपली परवानगी गृहीत धरते. गुरुजी, पगार नाही, हजेरी नाही, आठवड्यातून एक तास चौथीवर याल का? सोमवारी याल?

आता कुणी बोलू नका. काकू, तुम्हीपण. शेखर सर, प्लीज. मीही गप्प बसते.

...

मागे ऐकू आलं का? गुरुजी म्हणाले, "सोमवारी... बाजार... असते. मंगळवारी येतो."

आपण सगळ्यांनी "सोमवारी येतो" हेच म्हटलं असतं आणि टाळ्या वाजवून मोकळे झालो असतो.

आपण मला ऐकून घेतलंत, त्याहून मोठं म्हणजे आत्ता गुरुजींना ऐकून घेतलंत, याबद्दल मी सगळ्यांची मनापासून आभारी आहे. रागाच्या भरात कुणाला काही लागलं असेल तर लहान बहीण समजून पोटात घाला. गुरुजींना अजून बोलायचंय. माइक त्यांच्याकडे देते. वेळ लागेल, बसून घ्या.