मनुबाईची ओवी

इस्लामपूरहून सांगलीला जाणाऱ्या एसटीत हरिपाठ म्हणत बसलो होतो. पण पुढच्या बाकावर एक कीर्तनकार आबा आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली त्यांची नात. पांडुरंगा, माफ कर, कान तिकडंच गेले. आबांनी रचलेल्या ओव्यांचं पुस्तक छापायला निघालं होतं.

"आबा, तुमी आजीची ओवी मधीच घातली, आन् खालचे समदे आकडे सरकले. 'पाहा ओवी नव्वद' म्हटलंय, तिथं आता भलतीच ओवी निघती."

"मग?"

"छापखानेवाले काका म्हणत्यात, आजीची शेवटाला टाका."

"न्हाई टाकायची! कीर्तनात मी तिथंच दम घेतो, तवा तुजी आजी, मनुबाई, गाती. लोकास्नी ठावं हाय."

"आवं, चिडू नका. हे सॉफ्टवेअर 'पाहा ओवी अमकी' असे समदे दाखले तपासतंय, चुकला की लाल करतंय. मी दुरुस्त केलं बघा. एक बी लाल न्हाई."

"आन् हे पिवळं काय गं?"

"आजीची ओवी. बाकी समद्या ओव्यांचा दाखला कुठं ना कुठं हाय. 'आजीची पाहा' असं तुमी कुठंच लिवलं न्हाई."

आष्टा आलं, गेलं. आबांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"पैल्या ओवीखाली लिही."

"काय?"

"म्होरं जायच्या आधी मनुबाईची ओवी पाहा."

"अगं बाई! आजी लाजंल की."

"लाजू दे. मला तोंडानं सांगाय जमतंय व्हय?"