मालकालाही न उघडणारं दार

मे महिना, रविवार, कडक ऊन. दिलसुखनगरला माझा मेव्हणा वसंता याच्या घरी नामपल्लीचे एक व्यापारी येणार होते. वसंताने बनवलेलं, फोनने उघडणारं दाराचं कुलूप पसंत पडलं, तरच ते त्याच्या कंपनीत पैसे घालणार होते. त्यांना आणायला सासूबाईंसकट आम्ही सगळे खाली उतरलो.

वर येऊन वसंताने फोन दाबला. दार ढिम्म.

"आई, निघताना काही केलंस?"

"आतला मेन स्विच बंद केला. घरात कुणी नसलं की करतेच मी."

"अगं, वायफाय गेलं!" वसंताचा चेहरा पडला.

व्यापाऱ्यांनी दार दोनदा ढकललं. "चोर छोडो मियाँ, मालिक भी अंदर नै जा सकरा! क्या पक्का माल है! मैं पैसा लगातौं."

जिन्यातच सौदा ठरला. दार संध्याकाळी सुताराने करवतीने कापलं.