माघ्या मेला, जिवा परतला

“हॅलो?… हॅलो?… हां जी, मीच. पोशेऱ्याचा माघ्या… माघ्या, रावसाहेब!… नाय, जिवा नाय. जिवा कागदात हाय. मी माघ्या.”

मोखाड्याच्या पोलीस ठाण्यात भिंतीवर टांगलेल्या लाकडी पेटीपुढे माघ्या ताठ उभा होता. तारेच्या दुसऱ्या टोकाला जव्हार संस्थानाच्या कचेरीतले कारकून होते. त्याच्या अर्जाला लष्कराचं उत्तर आलं होतं आणि जबाब आजच्या टपालानं परत धाडायचा होता, म्हणून त्याला फोनवर बोलावलं होतं. दाराशी जिवाची आई पोशी बसली होती. तिच्या बाजूला तिची सून, रुपी.

“परत सांगू?… सांगतो ना. बोटीत चढायच्या आधी नंबराचे बिल्ले घातले आमच्या गळ्यात. माझा गेला जिवाच्या गळ्यात, त्याचा माझ्या… आम्हाला कुठं वाचता येतं, रावसाहेब?… बोटीवर कळलं. हजेरीला ‘जिवा’ म्हटलं की माझ्या गळ्यातला नंबर यायचा… सांगितलं की! तिथल्या हवालदारानं कानफटात दिली. म्हणाला, गळ्यात हाय तेच तुझं नाव… मग काय, दिली हजेरी. जर्मनची लढाई सरेपर्यंत जिवा म्हणूनच दिली… हां, मेला. तापानं. बसऱ्याच्या इस्पितळात… काय?… ऐकू नाय आलं?… मेला म्हणतो, मेला!… नाय, ऐकीव नाय. माझ्या मांडीवर डोकं होतं त्याचं. पण त्यांनी लिहिलं माघ्या मेला. बिल्ला माझाच ना त्याच्या गळ्यात!”

ओरडावं लागलं तसं त्यानं चोरून दाराकडं पाहिलं. पोशी बाहेरच्या धुळीकडं बघत होती. गावात आला त्याच संध्याकाळी त्यानं तिला सगळं सांगितलं होतं, आणि ती रडलीही होती. पण दुसऱ्या दिवशी पाटलानं त्याचा पलटणीतून सुटल्याचा कागद वाचला. जिवा सुखरूप सुटला, असं त्यात लिहिलेलं. पोशीनं डोळे पुसले ते पुसलेच. “तू माणूस हायेस, चुकशील,” ती म्हणाली. “सरकार कशाला चुकंल?” तेव्हापासून इतकी वर्षं तिनं लेकाचे दिवस घालू दिले नाहीत. आज कोणी न बोलावता ती त्याच्या मागोमाग चालत आली होती. या तारेतून लांबलांबची माणसं बोलतात, एवढं तिनं ऐकलं होतं.

रुपीचं दुखणं वेगळंच. जामसरचा जैतू तिच्याशी पाट लावायला तयार होता, पंचांनीही मान डोलावली होती. पण पोलिसानं जैतूला दटावलं, हिचा नवरा कागदावर जिता आहे, तू हिला घरात घेतलीस तर हातात बेडी पडेल. त्यापायी माघ्यानं अर्ज करून कागदावरचं नाव दुरुस्त करून मागितलं होतं.

“लष्करवाले काय म्हणतात?… काय?… माघ्या मयत हाय, मयताचा अर्ज घेता येत नाय?… अहो पण मी बोलतोय ना तुमच्याशी!… तुम्हाला ऐकू येतंय हो, त्यांना नाय… मग जिवाच्या नावानं करू का अर्ज?… म्हंजे जिवानंच सांगायचं, जिवा मेला म्हणून?… ते बी नाय चालत… हां… हां… काय म्हणालात?… नाय नाय रावसाहेब, असं नका बोलू. कागदावर असंल मी तिचा नवरा, पण… ती इथंच बसलीय. भावासारखा होता तो मला. हसताय काय तुम्ही?”

रुपीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

“मग वाट काय?… सख्ख्या माणसाचा जबाब… बायकोचा नाय चालत… आईचा?… तिनं आपल्या तोंडानं सांगायचं?… पाटील नाय चालणार? पंच सांगतील… नाय… आजच?… नायतर प्रकरण बंद… जरा थांबा, रावसाहेब. ठेवू नका. थांबा.”

पोशी केव्हाच उठून त्याच्या कोपराशी येऊन उभी राहिली होती.

“माझा जिवा हाय तिकडं?”

“नाय, काकी. जव्हारचे कारकून हायेत.” माघ्यानं फोन छातीशी धरला. “त्यांना तुझा जबाब पायजे. जिवा मेला म्हणून तू सांगितलंस तर रुपी मोकळी होईल. तू नाय सांगितलंस तर… नाय.”

रुपी जाग्यावरून म्हणाली, “आई, मनात नसंल तर नको बोलू. मी राहीन तुझ्यापाशी. कुठं नाय जायाची.”

पोशीनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग हात पुढं केला. माघ्यानं फोन तिच्या कानाला लावला.

“कोण?… जिवा?… जिवा रं?… आरं बोल की…”

फोनमधून बारीक आवाज येत राहिला. ती कान देऊन ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू उतरला.

“हा नाय… हा दुसराच कोण… हां, पोशी. जिवाची आई मी… हां, पोटचाच… लिवा. माझा जिवा… काय?… मोठ्यानं?… मेला! मेला माझा लेक!… बसऱ्याला मेला, माघ्याच्या मांडीवर!… आता किती वेळा वदवून घेशील, बाबा?”

फोन तिच्या हातातून सुटून दोरीला लोंबकळू लागला. रुपीनं तिला धरून बाहेर नेलं.

“हॅलो… हां, मी… लिहिलंत?… मग रुपी सुटली ना?… जैतूला कोण धरणार नाय?… नक्की?… लई उपकार झाले. आता माझं तेवढं… म्हंजे?… जिवा मयत झाला, हां, तेच तर सांगत होतो… आणि माघ्या आधीच मयत… हां… मग मी कोण?… नाय, चेष्टा नाय, खरंच विचारतो. मी कोण?… सुटल्याचा कागद परत करायचा?… मयताचा म्हणून… अहो, पण तो गेला तर मी पलटणीत होतो हे कोण मानंल?… अर्ज करू म्हणता, पण कोणाच्या नावानं करू?”

बाहेरून एकदम हंबरडा ऐकू आला. बाजाराला आलेल्या बाया धावल्या. इतक्या वर्षांनी पोशी जमिनीवर हात आपटत लेकाचं नाव घेऊन रडत होती, आणि रुपी तिला मिठी मारून बसली होती.

“हां, ऐकतोय… लिफाफा अजून उघडाच हाय… काय म्हणता?… म्हातारीचा जबाब काढून घेऊ?… मग मी निदान जिवा तरी राहीन… हां, कळलं. एक नाव तरी राहील…”

तो दाराबाहेर पाहत राहिला. तिकडचा आवाज दोनदा “हॅलो” म्हणाला असावा.

“हाय, हाय, इथंच हाय… नाय, रावसाहेब. जबाब काढू नका… कळतंय मला. सगळं कळतंय… लाख लावा लिफाफ्याला. जाऊ द्या टपाल… हां. ठेवतो.”