दुसऱ्या खेपेचा पाला

कुसाबाई: हात काढ आधी त्या बाटलीवरून. भागी, हात काढ म्हणते ना!

भाग्यश्री: आजी, सोड. सिस्टर जेवायला गेल्यात, येतील पंधरा मिनिटांत. साईला दोन चमचे पाजते आणि बाटली पर्समध्ये टाकते. कुणाला कळणार नाही.

कुसाबाई: डॉक्टरला इचारलं का?

भाग्यश्री: काय विचारू? सकाळी तुझ्यासमोरच म्हणाले ना, डेंग्यूवर औषध नाही. सलाईन चालू ठेवायचं, पाणी पाजायचं आणि वाट बघायची. किती वाट बघू? काल प्लेटलेट चाळीस हजार होत्या, आज अठरा. हिरड्यांतून रक्त येतंय त्याच्या. सहा वर्षांचं पोर आहे माझं.

कुसाबाई: माझाबी पणतूच हाय तो.

भाग्यश्री: मग आडवी का येतेस? यातला रस तुझ्याच पाल्याचा आहे. पहाडवेलीनं ताप उतरतो, हे तूच सांगितलंस आम्हाला.

कुसाबाई: सांगितलं.

भाग्यश्री: आणि आम्ही ते मनावर घेतलं. दर रविवारी गॅरेजात आम्ही हौशी मंडळी प्रयोग करतो, तिथे तुझ्यासाठी खुर्ची ठेवतो. दत्तूकाका नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाले, आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही त्यांनी. ते तुला 'कुसाबाई मॅडम' म्हणतात.

कुसाबाई: चेष्टा करतो मेला.

भाग्यश्री: चेष्टा नाही. तू स्वतः बघितल्यास जंतू वाढवलेल्या बश्या. गोदावरीच्या पाण्यातला विषाणू घातला, तर जंतूंच्या थराला भोकंच भोकं. त्याच विषाणूत पाल्याचा रस मिसळून घातला, तर एक भोक नाही. एकसुद्धा नाही, आजी! म्हणजे विषाणूच मेला. तीनदा केलं आम्ही.

कुसाबाई: पण तो नदीतला विषाणू माणसाला काय करत नाय, नुसता जंतूंना खातो. डेंग्यूचा येगळा. फळ्यावर लिहून दाखवलं होतंस तू.

भाग्यश्री: आता तू मला शिकवणार?

कुसाबाई: तूच शिकवलंस ते म्हणते.

भाग्यश्री: माहीत आहे मला! सगळं माहीत आहे. पण दुसरं काय आहे माझ्या हातात, सांग ना. शेखर, बाप त्याचा, तिकडे रक्तपेढीच्या रांगेत उभा आहे. मी एवढं मायक्रोबायोलॉजी शिकले, क्लासेसमध्ये पोरांना विषाणू शिकवते, घरच्या कुकरमध्ये बश्या उकळते, आणि इथे नुसती त्याच्या तळव्यांना हात लावत बसलेय, गार पडतात का बघत. ही एक बाटली आहे माझ्याजवळ. हात सोड.

कुसाबाई: बाटली उजेडात धर. बुडाला बघ.

भाग्यश्री: काय बघू?

कुसाबाई: निळं बसलंय.

भाग्यश्री: पाल्याचाच रंग आहे तो. पहिल्या खेपेच्या पाल्याला नव्हता, दुसऱ्या खेपेला आला. दत्तूकाका म्हणाले, गुण त्यातच असणार.

कुसाबाई: दत्तूला काय कळतंय. मोरचूद हाय ते.

भाग्यश्री: काय?

कुसाबाई: मोरचूद. छाटणीनंतर चुन्यात कालवून द्राक्षावर मारत्यात ते.

भाग्यश्री: गडावर कुठून येणार मोरचूद? वहीत मीच लिहिलंय, तू सांगितलंस तसं. सप्तशृंगी गड, मागची उतरण, सकाळची वेळ.

कुसाबाई: पहिल्या खेपेचा गडावरचा होता. दुसऱ्या खेपेचा नाय.

भाग्यश्री: मग कुठला?

कुसाबाई: आपल्या दिंडोरीतला. पुंजारामच्या बागेचा बांध. तिथं कुंपणावर चढलाय वेल.

भाग्यश्री: आजी...

कुसाबाई: गुडघे लय दुखत होते. म्हटलं, पाला तो पाला. वेल तोच, पानं तीच. दोन दिवस आधी फवारणी झाली होती. पानांवर ठिपके होते, ते मी पदरानं पुसले.

भाग्यश्री: पदरानं पुसले.

कुसाबाई: पुसले तेवढे पुसले. बाकीचे राह्यले.

भाग्यश्री: आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो, तेव्हा तू गप्प बसलीस?

कुसाबाई: तव्हा नाय कळलं गं, गळ्याची आण. मला वाटलं, वेलानंच केलं. आत्ता तू बाटली काढलीस, खिडकीतून ऊन पडलं, तव्हा दिसलं. चाळीस वर्षं बागेत राबले मी. त्यो रंग मला चुकंल व्हय?

भाग्यश्री: पण जागा खोटी सांगितलीस.

कुसाबाई: सांगितली.

भाग्यश्री: का? गुडघे दुखतात म्हणाली असतीस, तर गाडीनं नेलं असतं मी. गडावर आता ट्रॉली आहे.

कुसाबाई: पहिल्या खेपेला काय झालं होतं, आठवतं का?

भाग्यश्री: काहीच झालं नाही. भोकं होती तेवढीच पडली.

कुसाबाई: तेवढीच. तू हसत म्हणालीस, आजी, तुझ्या पाल्यात काही दम नाही. सगळे हसले. मीबी हसले. घरी आले अन् जेवले नाय.

भाग्यश्री: एवढ्यावरून?

कुसाबाई: बहात्तर साली माझ्या मैनाला गोवर आला. तुझी आत्या झाली असती. चार वर्षांची होती. सासूबाई म्हणाल्या, घरात देवी आलीय, फोडणी द्यायची नाय, डॉक्टर आणायचा नाय. माझी आई वणीला. तिला सांगावा धाडला. ती गडावर चढली, पाला खुडला, तशीच चालत निघाली. दिंडोरीला पोचली तव्हा अंगणात माणसं जमलेली. पाला आईच्या ओच्यात होता, कोमेजलाबी नव्हता.

भाग्यश्री: हे कधी बोलली नाहीस.

कुसाबाई: काय बोलायचं? पन्नास वर्षं मनात एकच धरून बसले, पाला येळेवर आला असता तर मैना वाचली असती. अन् तू एका रविवारी म्हणालीस, दम नाय. म्हणून पुन्हा आणला. वाटलं, दुसऱ्यांदा तरी व्हईल. अन् झालं गं! त्या दिवशी देवापुढं साखर ठेवली मी.

भाग्यश्री: तांबं असतं मोरचुदात. त्यानंच मेला तो विषाणू, वेलानं नाही. रक्त येतंय त्याला, आणि मी स्वतःच्या हातानं तांबं पाजणार होते.

कुसाबाई: म्हणून तर धरला हात.

सिस्टर: साईच्या आई, काय आहे ते हातात?

भाग्यश्री: काही नाही, सिस्टर. ओतून टाकायचंय.

सिस्टर: घरचं काही पाजलं नाही ना? खरं सांगा. या दिवसांत पपईचा पाला, बकरीचं दूध, काय काय घेऊन येतात लोक.

भाग्यश्री: नाही पाजलं.

कुसाबाई: नाय पाजलं, बाई. मी हाय ना साक्षीला.

सिस्टर: मग ते ओआरएस द्या. उलटी नाही ना? घाई करू नका, एकेक चमचा. सकाळपासून लघवी झालेली नाही त्याला, झाली की लगेच मला हाक मारा. डॉक्टरांना सांगून येते.

(भाग्यश्री बेसिनमध्ये बाटली रिकामी करते. नळ बराच वेळ चालू राहतो.)

कुसाबाई: गेलं का सगळं?

भाग्यश्री: गेलं.

कुसाबाई: वहीत खोडून टाक ते. पुंजारामचा बांध लिही.

भाग्यश्री: लिहीन. साई, ए राजा, डोळे उघड. आजी, त्याची मान जरा वर धर.

कुसाबाई: भागी.

भाग्यश्री: हं.

कुसाबाई: म्हणजे तव्हा आई येळेवर पोचली असती, तरीबी...

भाग्यश्री: आजी, मान धर ना नीट. आ कर, बाळा. एवढंच. एवढंच घे.

कुसाबाई: गिळलं?

भाग्यश्री: सांडलं. अर्धं सांडलं गं.

कुसाबाई: चमचा इकडं दे. मान तू धर.